न लिहिलेला कोमल : पाठनिश्चितीतील एका नैतिक प्रश्नाविषयी

१

पाठसंपादनाच्या शास्त्रात आणि पाश्चात्त्य संगीतात एक शब्द समान आहे. मात्र या दोन क्षेत्रांत त्याचे मोल परस्परविरुद्ध आहे. तो शब्द म्हणजे 'ॲक्सिडेंटल'. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग या इंग्रज पाठचिकित्सकाने १९५०-५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आधारप्रतीच्या निवडीविषयीच्या निबंधात संहितेच्या घटकांचे दोन वर्ग केले. ज्यांच्यामुळे लेखकाच्या अर्थात फरक पडतो असे शब्दपाठ पहिल्या वर्गात. आणि वर्णलेखन, विरामचिन्हे, शब्दांची जोडतोड यांसारख्या, प्रामुख्याने बाह्य रूपाशी निगडित असलेल्या गोष्टी दुसऱ्या वर्गात. या दुसऱ्या वर्गाला ग्रेगने 'ॲक्सिडेंटल' असे नाव दिले. आपण त्याला 'आनुषंगिक' म्हणू. लिपिकार आणि जुळारी शब्दांना सहसा जपतात, पण आनुषंगिकांच्या बाबतीत आपल्याच सवयींप्रमाणे वागतात, हे ग्रेगच्या विभागणीमागचे निरीक्षण होते. म्हणून आनुषंगिकांपुरते संपादकाने आधारप्रतीला धरून राहावे आणि शब्दपाठांच्या बाबतीत मात्र स्वतःचा विवेक वापरावा, असा त्याचा व्यवहार्य सल्ला होता.

पाश्चात्त्य स्वरलेखनात हाच शब्द कोमल, तीव्र आणि शुद्ध यांच्या चिन्हांसाठी वापरला जातो. रचनेच्या मूळ स्वरश्रेणीने ठरवून दिलेले स्वराचे रूप तात्पुरते बदलायचे असेल, तर स्वराच्या डावीकडे हे चिन्ह लिहितात. ते गळले की वर्णलेखन बिघडत नाही, स्वरच बदलतो. ग्रेगच्या परिभाषेत बोलायचे तर संगीतातील 'आनुषंगिक' हे पूर्णतः आशयवाही असते. तरीही लिहिणाऱ्याच्या हातून ते ज्या सहजतेने सुटते, ती सहजता विरामचिन्हाचीच असते. चिन्हाचे आकारमान क्षुल्लक आणि परिणाम मोठा, अशी ही विषम स्थिती आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या विषमतेतून निर्माण होणारा प्रश्न आहे. एखाद्या स्थळी चिन्ह मिळत नाही; ते तेथे असायला हवे होते असे संपादकाला वाटते; उपलब्ध साधने एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी ते चिन्ह घालण्याचा वा न घालण्याचा अधिकार संपादकाला कोठून प्राप्त होतो? हा प्रश्न केवळ कौशल्याचा आहे, की त्याला एक नैतिक अंग आहे? आणि असल्यास ते नेमके कोठे आहे? पियानोच्या स्वच्छंदतावादी संगीतातील एका प्रसिद्ध उदाहरणापासून आरंभ करून मराठी संतसाहित्याच्या संपादनापर्यंत जाण्याचा येथे प्रयत्न केला आहे. मराठी अभ्यासकाला पहिले उदाहरण दूरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रश्नाचे स्वरूप तेथे जितके उघडे होऊन दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

२

फ्रेडरिक शोपँची चोवीस प्रेल्यूड १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी विसावी रचना सी मायनर या श्रेणीत असून ती अवघ्या तेरा बारांची आहे. बार म्हणजे उभ्या रेघांनी बांधलेला मात्रांचा खंड. आपल्या सोयीसाठी 'सी' हा षड्ज मानला, तर या श्रेणीतील गंधार कोमल आहे. तिसऱ्या बारात आधी एके ठिकाणी हा गंधार शुद्ध केलेला आहे आणि बारातील शेवटच्या स्वरसंघातात तो पुन्हा येतो. लेखनाचा संकेत असा की, एकदा लिहिलेले चिन्ह त्या बाराच्या अखेरच्या रेघेपर्यंत अंमल गाजवते. त्यामुळे शेवटच्या संघातातील गंधार पुन्हा कोमल करायचा असेल, तर कोमलाचे चिन्ह तेथे नव्याने लिहावे लागते. शोपँच्या हस्तलिखितात ते नाही. पॅरिसच्या पहिल्या आवृत्तीतही नाही. संकेताला धरून वाचल्यास गंधार शुद्ध ठरतो आणि बार उजळ, मेजर संघातावर विसावतो.

प्रश्न येथेच संपला असता. परंतु जेन स्टर्लिंग ही शोपँची स्कॉटिश शिष्या होती आणि तिच्या छापील प्रतीत या स्थळी पेन्सिलीने कोमलाचे चिन्ह घातलेले आहे. तिच्या प्रतींवरील अशा खुणा शिकवणीच्या वेळी खुद्द शोपँने केलेल्या मानल्या जातात. म्हणजे एकीकडे रचनाकाराच्या हातचे हस्तलिखित, दुसरीकडे त्याच हातची मानली जाणारी दुरुस्ती. आणि दोहोंत गंधार वेगळा.

दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतात. आधीचा, म्हणजे दुसरा बार मेजर संघातावर थांबतो, पुढचा चौथा बारही मेजर संघातावर थांबतो; मग मधल्या बारानेही तसेच थांबावे, हे रचनेच्या आकृतिबंधाला धरून आहे. उलट, रचनेची मूळ श्रेणी मायनर आहे, तिचा भाव शोकयात्रेचा आहे, आणि शुद्ध गंधाराचा उजेड या जागी अकाली वाटतो, असेही म्हणता येते. शोपँ अशी चिन्हे लिहायला वारंवार विसरत असे, विशेषतः एका सप्तकात घातलेले चिन्ह दुसऱ्या सप्तकालाही लागू आहे असे तो गृहीत धरत असे, हे त्याच्या संपादकांना ठाऊक आहे. त्यामुळे 'विसरला असावा' या तर्काला आधार आहे. मात्र सवय ही सर्वसाधारण असते आणि आपल्यापुढचे स्थळ विशिष्ट असते. जो लेखक वारंवार विसरतो, तो एखाद्या ठिकाणी जाणूनबुजूनही गाळू शकतो. पेन्सिलीची खूण ही विसरलेल्या चिन्हाची भरपाई आहे, की नंतर झालेला विचारबदल आहे, की एका शिष्येपुरता सुचवलेला पर्याय आहे, याचा निर्णय त्या खुणेत लिहिलेला नाही. शोपँ आपल्याच रचना शिष्यांच्या प्रतींत निरनिराळ्या प्रकारे बदलून देत असे, ही गोष्ट लक्षात घेतली की तिसरी शक्यताही डावलता येत नाही.

या स्थळाचे वैशिष्ट्य असे की, छापील पानावर दोन्ही पाठ नांदू शकतात, परंतु वादकाच्या बोटाला एकच पट्टी दाबता येते. काव्याचा वाचक संदिग्धतेत रमू शकतो. संदिग्धता हे काव्याचे वैभव आहे असा सिद्धान्तही आपण एम्पसनपासून मांडत आलो आहोत. वादकाला ही मुभा नाही. जेथे संहितेचे वाचन ही कृती असते, तेथे शंका अनिर्णित ठेवणे म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालणे होय. तो दुसरा कोण आणि त्याच्याजवळ निर्णयाची साधने कितपत आहेत, हा विचार मग टाळता येत नाही.

३

एकदा उच्चारलेल्या गोष्टीचा अंमल पुढे कोठवर चालतो, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकाला तो 'अनुवृत्ति' या नावाने परिचित आहे. आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत पुन्हा न उच्चारता चालत येते, आणि एका विशिष्ट जागी त्याची निवृत्ती होते. कोठे निवृत्ती होते हे सूत्र स्वतः सांगतेच असे नाही. बाराची रेघ म्हणजे निवृत्तीची छापील खूण, असे म्हणावयास हरकत नाही. शोपँच्या तिसऱ्या बारातील वाद हा त्या अर्थाने एका अनुवृत्तीचाच वाद आहे. शुद्ध गंधाराची अनुवृत्ती शेवटच्या संघातापर्यंत पोहोचते की नाही, एवढाच तो प्रश्न आहे.

अष्टाध्यायीतील साधर्म्य याहूनही खोल आहे. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील अकराव्या सूत्राप्रमाणे अधिकाराची खूण म्हणजे स्वरित हा उच्चारातील स्वर होय. म्हणजे ज्या पदाचा अंमल पुढे चालायचा, ते पद सूत्रकाराने स्वरिताने चिन्हांकित केले होते. ही स्वरचिन्हे पाठपरंपरेत लुप्त झाली. सूत्रे राहिली आणि त्यांचा अंमल सांगणाऱ्या खुणा गेल्या. तेव्हा कोणते पद स्वरित मानायचे हे आचार्यांच्या प्रतिज्ञेवरून, म्हणजे परंपरेच्या कथनावरून, ठरवावे अशी भूमिका व्याकरणपरंपरेने घेतली.

या भूमिकेतील प्रामाणिकपणा लक्षात घेण्याजोगा आहे. परंपरेने 'खुणा आम्हाला दिसतात' असा दावा केला नाही. खुणा आता दिसत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो ते प्रमाण माना, असे ती म्हणाली. प्रमाण बदलले आहे याची कबुली त्यात आहे: लिखिताच्या जागी सांगणारा आला आहे. भरणा केलेली जागा आणि मुळात भरलेली जागा यांतील फरक येथे पुसला गेलेला नाही.

आपल्या रागसंगीतात तर लेखन उशिराच आले. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांतून विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. त्यांच्या पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते आणि तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी. येथे अनुवृत्ती नाही. प्रत्येक स्वराला त्याची रेघ स्वतंत्रपणे द्यावी लागते. त्यामुळे शोपँची अडचण येथे उद्भवत नाही, परंतु गळण्याच्या जागा वाढतात. 'ग'खालची रेघ छपाईत उडाली, तर काफीचा गंधार खमाजाचा होतो. कारण कोमल निषाद दोन्हीकडे आहे, फरक गंधाराचाच आहे.

असे असूनही या रेघेवरून आपल्याकडे शोपँसारखे वाद माजले नाहीत. ज्याच्या हातात पुस्तक आहे त्याच्यासमोर बहुधा गुरूही बसलेला असतो, आणि छापलेला गंधार चुकला तर गुरूचा कंठ तो तत्क्षणी दुरुस्त करतो. जेन स्टर्लिंगच्या प्रतीवरील पेन्सिलीची खूण हीदेखील अशाच एका शिकवणीचा अवशेष आहे. यावरून एक सूत्र हाती येते. जिवंत परंपरेत गळलेले चिन्ह निरुपद्रवी असते. जेथे पुस्तक हाच एकमेव गुरू उरतो, तेथे ते निर्णायक होते. म्हणजे संपादकाची जबाबदारी स्थिर राशी नाही. वाचक परंपरेपासून जितका दूर, तितकी ती वाढते.

४

आता मराठीकडे वळू. जुन्या मराठीत अनुस्वाराचे कार्य पुष्कळदा विभक्तीचे असते. 'जनीं' म्हणजे लोकांमध्ये. 'जनी' म्हणजे नामदेवांच्या घरची ती दासी, जिची नाममुद्रा अभंगाच्या अखेरीस येते. दोन्ही रूपांत एका बिंदूचे अंतर आहे. 'नांव' आणि 'नाव' यांतील भेद जुन्या लेखनात बिंदूच दाखवीत असे. आणि भक्तिकाव्यात नाम हेच भवसागर तरून नेणारे साधन असल्यामुळे दोन्ही अर्थ एकाच स्थळी संभवनीय ठरू शकतात. ग्रेगच्या विभागणीप्रमाणे अनुस्वार हा वर्णलेखनाचा, म्हणून आनुषंगिकांचा भाग. प्रत्यक्षात मात्र तो संगीतातील कोमलाच्या चिन्हासारखा अर्थाच्या केंद्रस्थानी बसलेला आहे. इंग्रजी नाट्यसंहितांच्या अनुभवावर उभारलेली विभागणी मराठी पोथ्यांना जशीच्या तशी लागू करता येत नाही, हे मराठी पाठचिकित्सेने स्पष्टपणे सांगायला हवे.

अडचण अशी की, पोथ्यांतील अनुस्वार विश्वसनीय नसतो. एकच लिपिकार एका पानावर तो देतो, दुसऱ्यावर सोडतो. कधी उच्चारातील नुसत्या अनुनासिकाच्या नादाने नको तेथेही देतो. त्यामुळे बिंदूच्या अभावाचा अर्थ काढता येत नाही आणि अर्थ न काढून भागतही नाही. शोपँच्या विसरभोळेपणाविषयी जे म्हटले, ते येथे शतगुणित होते, कारण येथे विसरणारे हात अनेक आहेत.

तुकारामांच्या गाथेच्या संपादनात या अडचणीला दोन भिन्न उत्तरे दिली गेली. १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत निघालेली, मुंबई सरकारच्या साहाय्याने 'इंदुप्रकाश'ने छापलेली गाथा विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केली. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या त्यांनी ताडून पाहिल्या, एक वाचनीय पाठ निश्चित केला आणि पाठभेद तळटीपांत दिले. पुढे ठाण्याचे वि. ल. भावे (१८७१-१९२६) यांनी वेगळी वाट धरली. 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते आणि १८९३ मध्ये ठाण्यात स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या भाव्यांनी तुकारामांचे टाळकरी संताजी तेली जगनाडे यांच्या हातची मानलेली वही हाती घेतली आणि ती शक्य तितकी जशीच्या तशी छापली. ही गाथा १९१९-२० च्या सुमारास प्रसिद्ध झाली. तिच्या नावातच 'अस्सल' हा शब्द आहे.

'अस्सल' हा दफ्तरातला शब्द आहे. त्याचा प्रतियोगी 'नक्कल'. दफ्तराच्या न्यायात अस्सल कागदावर हात फिरवणे हा गुन्हा असतो. भाव्यांनी हा न्याय काव्याला लावला. शास्त्री-पंडितांच्या शुद्धलेखनाने संताजींची बोली झाकली जाऊ नये, तेलिणीच्या घाण्याशेजारी ऐकू येणारी मराठी पानावर यावी, या आग्रहात केवळ पाठचिकित्सा नव्हती, एक सामाजिक न्यायबुद्धीही होती असे मानता येते. ज्याच्या हाताने लिहिले त्याचा हात दिसू द्या, ही मागणी उचितच आहे. परंतु बिंदू, ऱ्हस्व-दीर्घ, शब्दांची तोड यांचा सगळा भार आता वाचकावर पडला. ज्याला सतराव्या शतकाचे लेखन परिचित आहे त्याच्यासाठी ही गाथा अमूल्य साधन ठरली. ज्याला ते परिचित नाही त्याला प्रत्येक ओळीत स्वतःच संपादक व्हावे लागले, तेही कोणत्याही साधनाशिवाय.

येथे वि. का. राजवाडे यांच्या ज्ञानेश्वरीचे स्मरण अपरिहार्य आहे. १९०९ मध्ये त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती एकनाथांच्या शके १५०६ मधील शुद्धीकरणापूर्वीची मानली, आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ती पोथी पुढे अभ्यासकांना पाहावयास उरली नाही. त्यामुळे त्या पाठातील प्रत्येक उकार आणि प्रत्येक बिंदू आज एका संपादकाच्या शब्दावर उभा आहे. राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयी शंका नसलेल्यालाही हे मान्य करावे लागेल की, पडताळणीची वाट बंद झाली की विद्वत्ता आणि विश्वास यांतील अंतर नाहीसे होते. चिन्ह कोणाचे, पोथीचे की संपादकाचे, हे विचारण्याची सोयच राहत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला आणखी एक पदर आला. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. चालू लेखनापुरते हे योग्यच होते. नियमकर्त्यांनी जुन्या साहित्याचे भानही राखले: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळानुसार छापावे, अशी तरतूद त्यांनी केली. परंतु 'मुळानुसार' या शब्दात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे मूळ एक असते आणि ते समोर असते. तुकारामांच्या बाबतीत मूळ म्हणजे पंडितांची तळटीपांसह गाथा, की संताजींची वही, की फडावर गायला जाणारा पाठ? आणि त्या तरतुदीकडे दुर्लक्ष करून नव्या शुद्धलेखनात छापलेल्या गाथेत 'जनीं'ची 'जनी' होते, तेव्हा ते काम कोणी केले याची नोंद कोठेही राहत नाही. नियमाने बिंदू काढला असे वाटते. वस्तुतः तो कोणीतरी काढलेला असतो.

५

संपादकाला या जबाबदारीतून सुटण्याच्या तीन वाटा उपलब्ध असतात, आणि तिन्ही प्रतिष्ठित आहेत.

पहिली वाट लेखकाच्या नावाची. 'लेखकाला हेच अभिप्रेत होते' असे म्हणून चिन्ह घालायचे आणि ते इतर चिन्हांसारखेच छापायचे. येथे चूक अनुमानात नाही. अनुमान अटळ आहे आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. दोष आहे तो कर्तृत्वाच्या अदलाबदलीत. आपला निर्णय दुसऱ्याच्या सहीने प्रसृत करणे याला व्यवहारात जे नाव आहे, तेच येथेही लागू पडते. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केल्यावर त्यात स्वतःची ओवी मिसळणाऱ्यांना कठोर शब्दांत बजावले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ज्याने स्वतः पाठाला हात लावला, त्यालाच मिसळीचे भय सर्वांत अधिक वाटले, हे अर्थपूर्ण आहे.

दुसरी वाट पोथीच्या नावाची. 'साधनात आहे ते छापले' असे म्हणून बाजूला होणे. ही भूमिका नम्र दिसते, परंतु ती संपूर्णपणे निष्पाप नाही. शोपँचा संपादक तिसऱ्या बारात कोमलाचे चिन्ह न घालता थांबला, तर त्याने निर्णय घेतला नाही असे होत नाही. संकेताच्या बळावर त्याने शुद्ध गंधार छापला, असे होते. अभाव हाही एक पाठ असतो. भाव्यांच्या गाथेपुरते बोलायचे तर तिची निष्ठा अभ्यासकासाठी योग्य होती. तीच निष्ठा भजनाला बसलेल्या वाचकासमोर ठेवली असती, तर ती त्याला एकटे सोडण्यासारखी झाली असती.

तिसरी वाट अलीकडची आहे आणि या नियतकालिकासारख्या पानांवर तिला विशेष सहानुभूती मिळते. बार्थने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला. जेरोम मॅकगॅनने १९८३ मध्ये संहिता ही लेखक, मुद्रक, प्रकाशक, वाचक यांच्या सामाजिक व्यवहारातून घडते असे प्रतिपादन केले. यातून असा निष्कर्ष काढला जातो की, सर्व पाठ आपापल्या जागी खरे आहेत. एक पाठ निश्चित करणे हीच एक प्रकारची सत्ता आहे. मॅकगॅनच्या प्रतिपादनातील तथ्य प्रस्तुत लेखकाला मान्य आहे. पॅरिस, लाइपझिग आणि लंडन अशा तीन ठिकाणी जवळपास एकाच वेळी, निरनिराळ्या हातांनी तपासली जाऊन निघणारी शोपँची रचना ही सामाजिक संहिताच आहे, आणि अभंग तर तिच्याहूनही अधिक. परंतु बहुपाठांचे तत्त्व संपादकाला कर्तव्यमुक्त करत नाही. बहुपाठ पाहण्यासाठी अनेक आवृत्त्या हाताशी लागतात, त्या वाचता येण्याची तयारी लागते, आणि वेळ लागतो. ज्याच्याजवळ एकच आवृत्ती आहे त्याच्यापर्यंत बहुत्व पोहोचतच नाही; त्याच्यापर्यंत पोहोचतो तो एकच पाठ, आणि तो कोणाचा आहे हे त्याला ठाऊक नसते.

६

हा एका आवृत्तीचा वाचक काल्पनिक नाही. भाव्यांच्या ठाण्यातच, कापूरबावडी-माजिवड्यापासून मानपाडा, कासारवडवलीवरून गायमुखाच्या दिशेने जाणाऱ्या घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना गेल्या काही दशकांत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत पियानो शिकणारी मुले आहेत, आणि त्याच वसाहतींत हरिपाठाला बसणारी वडीलधारी माणसेही आहेत. मुलाच्या हाती शोपँ येतो तो बहुधा झेरॉक्सच्या वा संगणकावरून उतरवलेल्या पानांतून. आधुनिक चिकित्सक आवृत्त्या महाग असतात आणि त्यांवर स्वामित्वहक्क असतो. मुक्तपणे फिरतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या, हक्क संपलेल्या आवृत्त्या, उदाहरणार्थ शोपँचा शिष्य कारोल मिकुली याची १८७९ ची किंवा कार्ल क्लिंडवर्थची. म्हणजे आवृत्ती जितकी जुनी तितका तिचा प्रसार मोकळा, आणि बहुधा तितकीच तिच्यात संपादकाचा हात ओळखण्याची सोय कमी. त्याच घरातील हरिपाठाची किंवा गाथेची स्वस्त प्रत याच नियमाने आलेली असते. तिच्यात तळटीपा नसतात. त्या सर्वप्रथम गाळल्या जातात, कारण त्यांनी पाने वाढतात.

येथे आपल्या प्रश्नाचे नैतिक मर्म सापडते असे वाटते. पाठचिकित्सेच्या चर्चेत आपण संपादकाच्या सचोटीची कसोटी चिकित्सक आवृत्तीत पाहतो. परंतु चिकित्सक आवृत्तीत सचोटी तुलनेने सोपी असते: जागा मुबलक असते, वाचक तज्ज्ञ असतो, शंका नोंदवणे हेच तेथील शिष्टाचाराला धरून असते. कसोटी लागते ती साध्या, वापरायच्या आवृत्तीत. तेथे वाचकाला शंका नको असते, प्रकाशकाला जागा द्यायची नसते, आणि संपादकाला आपला निर्णय निमूटपणे मुळात विरघळवून टाकण्याची पूर्ण मुभा असते. ज्याला फसवणे सर्वांत सोपे आहे, त्याच्याच बाबतीत न फसवण्याचे कर्तव्य सर्वांत मोठे ठरते.

यावर एक आक्षेप संभवतो. सामान्य वाचकाला शंकेची काय गरज? त्याला भजन म्हणायचे आहे, मुलाला रचना वाजवायची आहे. जाणकाराने विचारपूर्वक ठरवलेला एक पाठ देणे हेच त्याच्या हिताचे. आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. पाठ एक द्यावा लागतो, हे आपण वर मान्य केलेच. वाचकासमोर पोथ्यांचा ढीग टाकून निघून जाणे ही मदत नव्हे. परंतु निर्णय देणे आणि निर्णय झाला होता ही गोष्ट लपवणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीने वाचकाचे काम हलके होते. दुसरीने त्याचा एक हक्क जातो: आपण ज्यावर विसंबून आहोत ते कोणाचे आहे, हे जाणण्याचा हक्क. तो हक्क त्याने वापरला नाही म्हणून तो त्याचा नाही, असे ठरत नाही. आणि वापरणारा कधी निघेल हे आधी सांगता येत नाही. आज झेरॉक्सवरून वाजवणाऱ्या मुलीला उद्या तिसऱ्या बारातील गंधार खटकला, तर शोधायला सुरुवात करण्यापुरता एक धागा पानावर असावा, एवढीच अपेक्षा आहे.

असा धागा ठेवण्याची युक्ती महाराष्ट्रातच सिद्ध झालेली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९६६ मध्ये ती पूर्णत्वास नेली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ मध्ये पूर्ण केलेल्या आदिपर्वापासूनच तिच्यात अशी पद्धत आहे की, जो पाठ स्वीकारला पण ज्याच्याविषयी पूर्ण खात्री नाही, त्याच्याखाली एक नागमोडी रेघ दिलेली असते. श्लोक अखंड राहतो, वाचता येतो, म्हणता येतो. रेघ फक्त इतकेच सांगते की येथे संपादकाने निवड केली आहे आणि ती निवड डळमळीत आहे. भातखंड्यांच्या कोमलाखालची आडवी रेघ आणि सुकथनकरांची नागमोडी रेघ या दोहोंची आकृती जवळची आहे. एक स्वराचे रूप सांगते, दुसरी त्या रूपामागच्या खात्रीचे मान सांगते. संगीताच्या चांगल्या आधुनिक आवृत्त्यांतही संपादकाने घातलेले चिन्ह कंसात किंवा बारीक टंकात छापतात. वादक ते वाजवतोच. पण ते शोपँने लिहिलेले नाही हे त्याला दिसत राहते.

नागमोडी रेघेला पाने लागत नाहीत. तळटीप गळते, प्रस्तावना पुनर्मुद्रणात उडते, परिशिष्ट झेरॉक्स करताना कोणी घेत नाही. परंतु शब्दाला चिकटलेली खूण त्या पानासोबत प्रवास करते. म्हणून तिची खरी जागा साध्या आवृत्तीत आहे. संतसाहित्याच्या नित्यपाठाच्या प्रतींत, जेथे अनुस्वाराने वा ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो आणि साधने जुळत नाहीत, तेवढ्या मोजक्या स्थळी एक रेघ द्यावी, आणि तिचा अर्थ मलपृष्ठावर एका वाक्यात सांगावा. 'जनीं' छापायचे की 'जनी', हे संपादकाने ठरवावेच. ते ठरवताना तो चुकण्याचीही शक्यता आहे आणि त्यासाठी त्याला दोष देण्याचे कारण नाही. बिंदू दिला तरी आणि काढला तरी, त्याखाली रेघ ओढण्याइतके धारिष्ट मात्र त्याच्याकडून अपेक्षित आहे.